जव्हारच्या पत्त्यावर

वडपे, ता. भिवंडी
९ फेब्रुवारी २०२५

चि. मनोज यास ताईचे अनेक आशीर्वाद, आणि एक टप्पल. जानेवारीतलं तुझं पत्र जेमतेम दीड पानाचं होतं, आणि त्यातलं अर्धं पान बर्फावर गेलं.

बाबांचं पत्र वेगळ्या पाकिटात आहे. ते त्यांनी सांगितलं तसंच, एकही शब्द न बदलता लिहून घेतलंय. हे माझं. फोनवर बोलायचं म्हणजे बाबांच्या कॉटवर, स्पीकर लावून. त्यांची विचारपूस संपेपर्यंत तुझी रेंज जाते आणि माझ्या वाट्याला एक हॅलो उरतो. त्यापेक्षा कागद बरा, तो लिहिताना शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही.

बाबा ठीक आहेत. पाठीची जखम भरत आली आहे. डोळ्यांतला मोतीबिंदू मात्र वाढलाय, तुझ्या फोटोवरून हात फिरवत बसतात. गाडी दरीत कोसळून कमरेखालचं सगळं गेलं त्याला चोवीस वर्षं होतील, पण रुबाब तसूभर गेला नाही. पेन्शनबरोबर सोबतीच्या माणसाचा भत्ता जमा झाला की अजूनही मोठ्याने सांगतात, ललिताचा पगार आला म्हणून. तुझी पत्रं वाचून दाखवायचा नियमही तोच आहे. मायन्यापासून सहीपर्यंत एक अक्षर गाळायचं नाही, ‘शि. सा. न. वि. वि.’ सुद्धा फोडून म्हणायचं. फौजेत निरोप अर्धा वाचत नाहीत म्हणे.

आता मुद्द्याचं. परवा रघूकाकांच्या मितेशची हळद झाली. दारासमोर ट्रेलर उभे होते, म्हणून मी अर्धा तास भैया, गाडी हटाव करत ड्रायव्हर शोधत फिरले, तेव्हा कुठे बाबांची चाकाची खुर्ची बाहेर निघाली. दोन्ही अंगांना गोडाऊन आणि समोर कंटेनर, असं आपलं घर झालंय. मंडपात बायका म्हणाल्या, मितेशला सख्खी बहीण नाही, तर करवली म्हणून ललिताने करा धरावा. अडतिसाव्या वर्षी करवली, म्हणून मी हसत होते. तेवढ्यात काका सगळ्यांदेखत म्हणाले, करवली घरची पायजे, ही काशीवहिनीच्या बोटाला धरून आलेली हाय, हिचा आपल्यात काय हक्क न्हाय, उद्या दादा गेला की घरातसुद्धा न्हाय.

मी करा खाली ठेवला. बाबा घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडले आणि दिवे लावायच्या वेळेला म्हणाले, वकिलाला बोलाव. ते पुढचं त्यांच्या पत्रात आहेच.

जाता जाता, खुर्चीचं चाक कुरकुरत होतं ते भरतने नीट केलं. धामणकर नाक्यावरच्या कारखान्यात लूम दुरुस्त करणारा जॉबर होता तो, मागे लूमचं बेअरिंग बसवून त्यानेच खुर्ची चालती केली होती. लूम बंद झाल्यावर जव्हारला, आपल्या गावी गेला. तिथे सायकली आणि पंप दुरुस्त करतो, भिवंडीला सामान न्यायला आला की डोकावतो.

स्वेटर अंगात घाल, पेटीत नव्हे. माझी माया आहे तशीच आहे, तुझीही कमी होऊ देऊ नकोस.
तुझी ताई,
ललिता


मुक्काम पोस्ट डोंगर
२ मार्च २०२५

ती. स्व. ताईस मनोजचा साष्टांग नमस्कार. टप्पल पोचली.

काकांचं वाचून डोकं फिरलं. मी तिथे असतो तर हळदीच्या मंडपात दुसराच रंग उडाला असता. मला कडेवर घेऊन शाळेत कोण न्यायचं, पाटीवर हात धरून अक्षरं कोणी गिरवून घेतली, आई गेल्यापासून अकरा वर्षं बाबांची कूस कोण बदलतंय? घरची कोण ते मितेशच्या बापाने ठरवायचं?

पण ताई, रागाने काम होत नाही म्हणून मी युनिटच्या हेड क्लार्कना विचारलं. ते म्हणाले, बाबांची अपंगत्वाची पेन्शन आणि सोबतीचा भत्ता बाबांबरोबर संपणार, तुझ्या वयाच्या सावत्र मुलीला त्यातलं काही मिळेल अशी आशा धरू नका. घराचंही तेच. मृत्युपत्र नसेल तर आईबरोबर आलेल्या मुलीला सावत्र वडिलांमागे आपोआप काही मिळत नाही, कायद्याने वारस मी एकटा. हे त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. माझा चहा तसाच गार झाला.

म्हणून बाबा घर तुझ्या नावाने लिहून ठेवतायत ते शंभर टक्के बरोबर आहे. घर त्यांनी स्वतःच्या पैशांतून, स्वतः घेतलेल्या जागेवर बांधलंय, ते कोणालाही देऊ शकतात. माझी हरकत नाही असं लिहून सही करून पाठवलंय. आता तू घराची मालकीण. आम्ही सुट्टीवर आलो की दारात उभं राहून विचारणार, मालकीणबाई, आत येऊ का?

रीमा नाशिकला बरी आहे. शाळेत शिकवायला जाते, चिंचा खाते. सप्टेंबरात बाळंतपण आहे, तिची आई म्हणत होती की ललिताताई येतीलच. मी म्हटलं, येणार म्हणजे काय, तिच्याशिवाय आपलं पान हललंय कधी.

बाबांना वाचून दाखवायचं पत्र वेगळं आहे. तुझा आशीर्वाद इथल्या थंडीत रजईपेक्षा जास्त लागतो, तो पाठवत राहा.
तुझा,
मनोज


वडपे
६ एप्रिल २०२५

चि. मनोज यास आशीर्वाद.

मृत्युपत्र झालं. नोंदणीच्या ऑफिसला जिना होता. खालच्या टपरीवर चहा पीत बसलेल्या चार लूमवाल्यांनी बाबांना खुर्चीसकट उचलून वर नेलं, आणि बाबा राजासारखे मान ताठ करून बसले होते. उतरताना त्या चौघांना सॅल्यूट ठोकला.

वकिलांनी सही करण्याआधी सगळं वाचून दाखवलं. त्यात होतं, माझी कन्या ललिता. सावत्र नाही, पत्नीची मुलगी नाही, माझी कन्या. मला रडू आलं. वकील हसले, बाबाही हसले, सगळ्यांना वाटलं आनंदाने रडतेय. आनंद होताच. पण रडू फुटलं ते पुढच्या वाक्याला. ही माझी कन्या अविवाहित असेपर्यंत आणि सदर घरात राहत असेपर्यंत घर तिचं. त्यानंतर तुझं.

तुझ्यापाशी नाही तर कोणापाशी बोलू? मनू, मला घर नको आहे. मला जायचं आहे.

भरतने मला विचारलंय. दिवाळीतच विचारलं होतं, मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बायको जाऊन चार वर्षं झाली त्याला. मनाली नावाची नऊ वर्षांची मुलगी आहे. म्हणजे मी सावत्र आई होणार, बघ कसं फिरून आलं. तो फार बोलत नाही. मागच्या खेपेला मी दमलेली दिसले तर बाबांना खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाला, तू झोप, मी चाकाला तेल घालत बसतो. मी भर दुपारी दोन तास झोपले. अकरा वर्षांत कोणी मला झोप म्हटलं नव्हतं रे.

गौरीला गावातल्या सगळ्या पोरी माहेरी येतात. रिक्षातून उतरल्या की त्यांचे चेहरेच बदलतात. दोन दिवस त्यांनी आयतं जेवायचं, लोळायचं, सासूची नक्कल करायची. मी दरवर्षी त्यांना पाणी देते आणि त्यांच्या पोरांना सांभाळते. मला कोण कुठून आणणार? जिथून कधी निघालेच नाही त्या घराला माहेर तरी कसं म्हणू? तुम्ही सगळ्यांनी मिळून मला हक्क दिलात, आणि मला तर दाराला बाहेरून कडी लागल्यासारखं झालं. हे लिहितानाही लाज वाटते, की बाप एवढं करतोय आणि मी काय बोलतेय.

मी गेले तर बाबांचं काय, हे मला विचारू नकोस. सकाळी उठल्यापासून तेच मी मला विचारते. नळी कोण बदलणार, पाठ कोण पुसणार. पगारी माणूस ठेवून पाहिला होता, तिसऱ्या दिवशी बाबांनी त्याला पळवून लावलं.

बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस, तुला माझी शपथ. नुसतं वाचलंस तरी पुरे आहे. माझा राग आला तर रागाव, पण माया सोडू नकोस.
ताई


मुक्काम पोस्ट डोंगर
४ मे २०२५

ती. स्व. ताईस मनोजचा नमस्कार.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. पहिली दोन फाडली. पहिल्यात मी तुझ्यावर चिडलो होतो. खरं सांगतो, वाचल्यावर पहिला विचार तुझा आलाच नाही, बाबांचा आला, आणि त्याच्याबरोबर माझा. ताई गेली तर मला नोकरी सोडावी लागेल, रीमाला नाशिक सोडावं लागेल, असा सगळा हिशेब मांडून बसलो. मग लक्षात आलं की आम्ही काय काय सोडायचं ते मला लगेच सुचलं. तू काय सोडलंस ते मला आजवर कधीच विचारावंसं वाटलं नाही.

भरत मला आठवतो. लहानपणी माझ्या सायकलची चेन बसवून द्यायचा आणि पैसे मागायचा नाही. चांगला माणूस आहे. तू हो म्हण.

बाबांचं मी बघतो, असं लिहिणार होतो. पण मी इथून काय बघणार? जूनमध्ये सुट्टीवर येणार होतो, समोरासमोर बसून बाबांशी बोललो असतो. तुला बातम्यांतून कळलंच असेल, सध्या कोणाला सुट्टी मिळत नाही. कधी मिळेल तेही सांगता येत नाही.

तू मला शपथ घातलीस. ताई, ती मी मोडणार. तू बाबांना कधीच सांगणार नाहीस, आणि मी नाही सांगितलं तर कोणी सांगणार नाही. फोनवर हे बोलता येत नाही, तू शेजारीच उभी असतेस. म्हणून त्यांच्या पत्रात लिहीन. तुलाच ते वाचून दाखवावं लागेल, हे मला कळतं. दुसरा रस्ता असता तर घेतला असता.

मनातून मला काढून टाकू नकोस, एवढंच मागतो.
तुझा,
मनू


मुक्काम पोस्ट डोंगर
२५ मे २०२५

ती. बाबांस मनोजचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. जेवण चांगलं आहे, तोफखान्यातले तुमच्या वेळचे एक सुभेदार भेटले, त्यांनी तुमचं नाव काढलं. रीमाची तब्येत ठीक आहे. डोळ्यांचं ऑपरेशन टाळू नका, डॉक्टरांनी सांगून वर्ष झालं.

बाबा, आता लिहितो ते ताई वाचते आहे. ताई, थांबू नकोस, नियमाप्रमाणे पुढे वाच.

ताईला लग्न करायचं आहे. मुलगा भरत, जव्हारचा, तुमच्या खुर्चीचं चाक ज्याने बसवलं तो. ती तुम्हाला कधी सांगणार नाही, कारण तुम्हाला टाकून जातेय असं तिला वाटतं. मृत्युपत्रातल्या त्या अटीने तिचं पाऊल आणखी अडलंय. तुमची देखभाल ही माझी आणि तुमची अडचण आहे, बाबा. तिने ती एकटीने निभावली म्हणून आपल्याला ती अडचण वाटलीच नाही. माझी सुट्टी खुली झाली की पहिला घरी येईन. तोवर काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी तुमच्या हुकमाच्या बाहेर नाही.

तुमचा हात डोक्यावर आहे म्हणून इथे उभा आहे, तो तसाच असू द्या.
आपला आज्ञाधारक,
मनोज


वडपे
१५ जून २०२५

मनोज,

आशीर्वाद द्यायला हात उठत नाही, पण देते.

काय केलंस रे हे? पाकीट आलं तेव्हा बाबा आनंदात होते. पाठीला उशी लावून बसवून घेतलं, वाच म्हणाले. मी शिरसाष्टांग नमस्कारापासून सुरू केलं, सुभेदारांचं वाचलं, बाबा हसले. मग ती ओळ आली, ताई वाचते आहे. मी ती मोठ्याने वाचली, कारण पुढे काय आहे ते मला कुठे माहीत होतं. तुझं चार मेचं पत्र तोवर पोचलंच नव्हतं, ते काल आलं. पुढच्या ओळीवर माझी नजर गेली आणि मी थांबले. मी म्हटलं, बाबा, पुढचं अक्षर लागत नाही, पाण्याने शाई पसरली आहे. बाबा म्हणाले, सही वाच. मी तेवढी सही वाचली. त्यांनी हात पुढे केला, कागद घेतला, घडी घातली आणि उशीखाली ठेवला.

त्याला दोन आठवडे झाले. अजून तो तिथेच आहे. चादर बदलताना ते तो मुठीत धरतात. मला काही विचारत नाहीत, मी काही सांगत नाही. घरात नुसता रिव्हर्स घेणाऱ्या ट्रेलरचा पी पी आवाज. या महिन्यात भत्ता जमा झाला तेव्हा पगार आला असं म्हणाले नाहीत. मला वाटतं त्यांना वाईट वाटलं, आणि ते माझ्यामुळे.

मी भरतला निरोप पाठवलाय की माझी वाट बघू नकोस. त्याचं उत्तर आलं की खुर्चीच्या पुढच्या चाकाला ऑगस्टमध्ये तेल लागेल, तेव्हा येईन. असल्या माणसाला काय म्हणावं. मी बसून खूप रडले, मग बाबांची औषधाची वेळ झाली.

माझं आता ठरलं. मी इथेच राहणार. घर माझं आहे ना, मग घरात राहते. या विषयावर पुन्हा लिहू नकोस. बाकी तू सुखरूप राहा, तुझी काळजी करणं तरी कोणी माझ्याकडून काढून घेऊ नये.
ताई


वडपे
२७ जुलै २०२५

चि. मनोज यास आशीर्वाद. राग गेला, आता फक्त गोंधळ उरला आहे.

बाबांना पुण्याजवळच्या जखमी जवानांच्या केंद्रात नेलं हे तुला रीमाकडून कळलं असेल. मला आधी काहीच माहीत नव्हतं. मी रेशनला गेले होते तेव्हा बाबांनी रीमाला फोन करून सगळं ठरवलं. मला सांगितलं ते एवढंच, की महिनाभर पाठीच्या जखमेचा इलाज आणि डोळ्यांचं ऑपरेशन, मग परत. वर म्हणाले, तू येऊ नकोस, तिथे बायकांना राहू देत नाहीत.

ॲम्ब्युलन्स ट्रेलरच्या मागे अडकली. शेवटी दोन ड्रायव्हर आणि मितेश यांनी स्ट्रेचर उचललं आणि कंटेनरच्या मधल्या फटीतून काढलं. हो, मितेश. लग्नानंतर जरा माणसात आलाय. रघूकाका ओट्यावर उभे राहून बघत होते. बाबा त्यांना म्हणाले, रघू, पोरीला त्रास दिलास तर मी खुर्चीवरून येईन हां. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खूप वेळ काढलाच नाही.

तेव्हापासून मी घरात एकटी. तुला हसू येईल, पण मी कुठे गेले नाही. अंथरूण धुतलं, कॉटला ऊन दाखवलं, त्यांच्या औषधांच्या वेळेला उठून बसते. दर दोन तासांनी पाय आपोआप त्या खोलीकडे वळतात. दार सताड उघडं आहे, अडवायला कोणी नाही, आणि मी ओट्याच्या खाली उतरत नाही. कोंडलेलं जनावर सोडलं तरी तिथेच उभं राहतं, तसं काहीतरी.

तर गोंधळ असा. आज बाबांचा फोन आला. आवाज खणखणीत. म्हणाले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, तुला पत्र टाकलंय. मी विचारलं, कधी पोचेल? तर म्हणाले, पोचलंसुद्धा असेल, जव्हारला. भरतच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकलंय. जाऊन घे, आणि तिथेच वाच. मी म्हटलं, बाबा, इथे का नाही पाठवलं? त्यांनी फोन ठेवून दिला. मी परत लावला तर वॉर्डातला मुलगा म्हणाला, दादांनी सांगितलंय की आता तुमची ड्युटी संपली.

उद्या सकाळच्या एसटीने जाते. नुसतं पत्र आणायला जातेय. हाताशी असावी म्हणून एक साडी पिशवीत टाकली आहे, बाकी काही नाही. पोचले की लिहीन. तोवर माझी माया तुझ्यापाशी ठेवून चालले आहे, ती सांभाळ.
ताई


जखमी जवान केंद्र, खिडकीकडची कॉट
२२ जुलै २०२५

चि. ललिता हिस बापाचे आशीर्वाद.

हे वाचते आहेस म्हणजे जव्हारला पोचलीस. शाब्बास. आता बस. चहा भरतला करू दे.

हे माझं तुला पहिलं पत्र. मनोजला ढीगभर लिहिली, ती सगळी तुझ्या हाताने. तुला एक नाही. लांब गेलेल्या मुलीला बाप पत्र लिहितो, आणि तुला आम्ही कधी लांब जाऊच दिलं नाही. अक्षर वाकडं आहे, एका डोळ्यावर चाललंय, समजून घे.

त्या दिवशी तू म्हणालीस अक्षर लागत नाही. मनोजच्या हाताला वळण तूच लावलंस, त्याचं अक्षर तुला लागत नाही? मला तेव्हाच कळलं. त्याच्या आधीही थोडं कळलं होतं. भरत तेल घालायला यायचा ते चाक कुरकुरत नव्हतं. माझं अंग गेलंय, कान नाही गेले. इथे डोळ्याची पट्टी सुटल्यावर उशीखालचा तो कागद पहिला वाचला. पोराने बरोबर लिहिलंय.

ललिता, मला वाटलं मी तुला घर दिलं. वकील म्हणाले अट काय घालू, मी म्हटलं, पोरीला कोणी हुसकून लावू नये अशी घाला. उद्या तू लग्न केलंस की रघू म्हणेल गेली ती परक्याची झाली, म्हणून अविवाहित असेपर्यंत. तू हललीस की तो कुलूप लावेल, म्हणून राहत असेपर्यंत. फौजी डोकं माझं. जागा राखायची तर माणूस जागेवर उभा पाहिजे, एवढंच मला येतं. पण पहाऱ्यावर माणूस उभा केला की त्याला सोडवायला दुसरा पाठवायचा, हे तर रंगरुटालाही शिकवतात. तुझी आई गेली तेव्हा तुला उभी केली, आणि तुला सोडवायला कोणीच आलं नाही. ज्याने पाठवायचा तो कॉटवर पडून पगार आला म्हणून थट्टा करत होता. मला माफ कर, असं बापाने लिहायचं नसतं म्हणतात. मी लिहितो. माफ कर.

मी परत येणार नाही. महिनाभराचं तुला खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तू माझ्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये चढली असतीस. इथे वकील येतात, मृत्युपत्र नवं केलं. घर तुझं नि मनोजचं, निम्मं निम्मं. अट कुठलीच नाही. राहा, नको राहू, विका, बंद ठेवा. त्यातही माझी कन्याच लिहिलंय, ते मी कोणाला खोडू देणार नाही.

मी अडकलो का, तर अडकलोच आहे, खोटं कशाला बोलू. डाळीला चव नाही आणि कूस बदलायला येणाऱ्या पोराचे हात गार असतात. पण त्याची वेळ संपली की तो घरी जातो आणि दुसरा येतो. मला ते बघायला बरं वाटतं.

लग्न लवकर करा. रघू म्हणेल चातुर्मास आहे. तुझ्या आईचा नि माझा पाट लागला तो श्रावणातच, मुहूर्त कोणी विचारला नव्हता आणि वाजंत्रीही नव्हती. तू तिच्या बोटाला धरून आलीस आणि दुसऱ्या हातात तुझ्या बापाची जर्मनची वाटी घट्ट धरली होतीस. लोक म्हणाले काढून घ्या, जुन्या घरचं नको. मी म्हटलं, राहू दे. भरतच्या मनालीकडे तिच्या आईचं असं काही असेल. ते तिच्या हातात राहू दे.

शेवटचं. गौरीला माहेरी ये. वडप्याला नको, तिथे कुलूप लाव आणि किल्ली मितेशच्या बायकोकडे ठेव. बाप जिथे आहे तिथे माहेर. वॉर्डातल्या कपाटावर गौरी बसवायची परवानगी मी मोठ्या सिस्टरकडून काढली आहे. मनोजची सुट्टी झाली तर तो तुला घ्यायला येईल, नाही झाली तर हेच पत्र तुझा मुराळी. येताना तांदळाची भाकरी आण. तू कुठल्या कामाला हात लावायचा नाहीस, माझ्या कॉटलाही नाही. नुसतं बसायचं आणि सासरच्या तक्रारी सांगायच्या.

आणि गौरी गेल्या की परत जायचं. रडून थांबायचं म्हणशील तर मी ऐकणार नाही. हुकूम आहे.

तुझा बाप,
केसरीनाथ